पहिलाच हॅकेथॉन असेल तर जजला काय दाखवायचं ते पहिल्या रात्रीच ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: विद्यापीठात शुक्रवारी रात्री सुरू होऊन रविवारी सकाळी संपणारा ३६ तासांचा हॅकेथॉन (ठरलेल्या तासांत टीमने चालणारं अ‍ॅप वगैरे बनवून जजला दाखवायची स्पर्धा) आहे, दुसऱ्या वर्षाची चौघांची टीम, एकाला वेबचं बऱ्यापैकी येतं, दोघांना पायथन जेमतेम, आणि चौथीला कोडिंगचा कंटाळा आहे पण यायचंय. जावं का, आयडिया आधीच ठरवून न्यावी का, रात्रभर जागावं लागतं का, आणि "आम्हाला तर काहीच येत नाही" याचं काय करायचं?

जा. बिनधास्त जा. "काहीच येत नाही" असं तिथे आलेल्या बहुतेकांना वाटत असतं, फक्त ज्यांच्या लॅपटॉपवर स्टिकर जास्त असतात त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत नाही. मी आधी स्पर्धक म्हणून जायचो, मग मेंटॉर म्हणून, म्हणजे अडलेल्या टीमना मदत करायला, टेबलाटेबलावर फिरायला लागलो आणि आता बऱ्याचदा जज असतो, त्यामुळे खाली जे लिहितोय ते जास्त करून जजच्या बाजूने आहे, स्पर्धकाला काय वाटतं ते तुम्हाला तिथे गेल्यावर कळेलच.

रविवारी सकाळी ज्या टीम रडकुंडीला आलेल्या असतात ना, त्यांच्याकडे कोड ढीगभर असतो. एकाने लॉगिन आणि पासवर्ड रिसेट केलेलं असतं, दुसऱ्याने झकास डॅशबोर्ड, तिसऱ्याने डेटाबेसमध्ये बारा टेबलं, आणि यातलं काहीच एकमेकांना जोडलेलं नसतं. जोडायला बसतात पहाटे चारला, तेव्हा कळतं की एकजण नाव एका रकान्यात ठेवतोय आणि दुसरा दोन रकान्यांत, मग चिडचिड, मग जज समोर आला की "इथे ना सर, असं दिसणार होतं". तर माझा सल्ला एकच आहे आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं: जजला तीन मिनिटांत स्क्रीनवर काय घडताना दिसणार ते पहिल्या रात्री कागदावर लिहा, आणि त्या तीन मिनिटांत न येणारी कुठलीच गोष्ट बनवू नका.

उदाहरण घेऊ. समजा तुमची आयडिया अशी, की इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधली किट मुलं घेऊन जातात, रजिस्टरमध्ये कोणी धड लिहीत नाही, कुठलं किट कोणाकडे आहे कळत नाही, तर त्यासाठी अ‍ॅप. फार भारी नाही पण अडचण खरी आहे, चालेल. आता चौघं बसलात की अर्ध्या तासात यादी तयार होते: विद्यार्थ्याचं लॉगिन, लॅब असिस्टंटचं लॉगिन, अ‍ॅडमिन पॅनल, बुकिंग, आठवणीचे ईमेल, दंड, चार्ट, चॅटबॉट (चॅटबॉट हल्ली प्रत्येक यादीत असतो, कशाला ते विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात). ही यादी बाजूला ठेवा आणि तीन मिनिटं लिहा. किटच्या डब्यावर क्यूआर कोड चिकटवलाय. जज स्वतःचा फोन काढतो, स्कॅन करतो, "घेतलं" दाबतो, आणि टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपवर, जो लॅब असिस्टंटचा स्क्रीन आहे, त्याच्या डोळ्यांदेखत किट ७ हिरव्याचं लाल होतं. बस. हे पाच सेकंद म्हणजे तुमचा प्रोजेक्ट, उरलेला वेळ त्याच्या आधीचं आणि नंतरचं बोलण्यात जाणार. मग लॉगिन कशाला हवंय, नाव ड्रॉपडाउनमधून निवडलं तरी चालतंय. दंड, ईमेल, चार्ट, अ‍ॅडमिन सगळं उडालं. ३६ तासांचं काम एकदम १५ तासांचं वाटायला लागतं आणि ते बरोबर आहे, कारण जे १५ तासांचं वाटतं त्याला ३० लागतात.

आता याच्या आधीची एक पायरी, जी जवळपास कोणीच करत नाही. शुक्रवारी दिवसा त्या लॅब असिस्टंटला जाऊन भेटा. पाच-दहा मिनिटं. "सर, किट हरवतात का?" एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. कदाचित ते म्हणतील की हरवत नाहीत रे, परत येतात सगळी, पण आतली एखादी वायर नाहीतर सेन्सर गायब असतो आणि ते पुढच्या बॅचच्या प्रॅक्टिकलला कळतं. झालं, आयडिया बदलली. आता महत्त्वाचा क्षण "घेतलं" दाबण्याचा राहिला नाही, परत करतानाचा झाला: आतल्या वस्तूंची टिक करायची यादी, एक फोटो, आणि "सेन्सर नाही" म्हटलं की असिस्टंटच्या स्क्रीनवर लाल. शिवाय जज हमखास विचारतो, "हे साध्या गुगल शीटमध्ये का नाही होणार?" आणि तेव्हा तुमच्याकडे एका खऱ्या माणसाने दिलेलं उत्तर असतं, स्वतः रचलेलं नाही. असं उत्तर आलं की आम्ही जज लोक टेबलावरून पुढे गेल्यावर एकमेकांना सांगतो.

तर आयडिया आधी ठरवून न्यावी का? हो, दोन-तीन तरी न्या. विचार करणं, लोकांशी बोलणं, कागदावर स्क्रीन काढणं याला सहसा कोणाची हरकत नसते. कोड मात्र वेळ सुरू झाल्यावरच लिहायचा असतो, ओपन सोर्स लायब्ररी आणि फ्रेमवर्क चालतात, तुमचाच जुना प्रोजेक्ट रंग बदलून आणलेला चालत नाही. नियमांचं पान नीट वाचा, प्रत्येक ठिकाणी थोडा फरक असतो, आणि शंका असेल तर आयोजकांना आधी विचारा, विचारल्याने कोणी बाद होत नाही. गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) इतिहास उघडून बघणारे जज असतात आणि पहिल्याच कमिटमध्ये (एका वेळी नोंदवलेला बदल) चार हजार ओळी दिसल्या की प्रश्न येणारच.

कोणती आयडिया घेऊ नये याबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. नोट्सचा सारांश काढून देणारं, मूड बघून गाणी सुचवणारं, लक्षणं टाकली की आजार सांगणारं. वाईट आहेत असं नाही, पण त्या दिवशी जजने सकाळपासून तसलीच पाहिलेली असतात आणि तुमचं नववं असतं. आजार सांगणाऱ्यावर तर "हे चुकलं तर काय?" हा पहिला प्रश्न असतो आणि ३६ तासांत त्याचं उत्तर तयार होत नाही.

आता तांत्रिक बाजू. इथे जरा रेंगाळतो कारण वेळ खातात त्या गोष्टी कठीण नसतात, नुसत्या माहीत नसतात. वरच्याच उदाहरणात बघा, क्यूआर स्कॅन करायचाय म्हटल्यावर पहिला विचार येतो की वेबपेजमध्ये कॅमेरा उघडू, एखादी लायब्ररी घेऊ. लॅपटॉपवर लोकलहोस्टला, म्हणजे त्याच लॅपटॉपच्या आतल्या पत्त्यावर, मस्त चालतं. मग फोनवरून लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून उघडता आणि कॅमेरा उघडतच नाही, दोन तास डोकं खाजवता. कारण एवढंच की ब्राउझर कॅमेरा फक्त सुरक्षित जोडणीवर देतो, म्हणजे एचटीटीपीएस पाहिजे, लोकलहोस्टला तेवढी सूट आहे, साध्या आयपीला नाही. यावर उपाय आहेत, सुरुवातीपासून एचटीटीपीएस देणाऱ्या होस्टिंगवर टाका किंवा एनग्रॉकसारखं टनेल (लॅपटॉपवरचं पान बाहेरून उघडेल अशी लिंक देणारं) वापरा. पण खरा उपाय म्हणजे कॅमेराच वापरू नका! क्यूआरमध्ये सरळ त्या किटच्या पानाची लिंक ठेवा, फोनचा स्वतःचा कॅमेरा ती ओळखतो, टॅप केलं की पान उघडतं. स्कॅनर लिहायची गरजच नाही. प्रत्येक फीचरला हा प्रश्न विचारा की हे न बनवता काम होईल का, बऱ्याचदा होतं.

पहिल्या रात्री झोपायच्या आधी सांगाडा ऑनलाइन गेलाच पाहिजे. सांगाडा म्हणजे: फोनवर एक पान, त्यावर एक बटण, बटण दाबलं की सर्व्हरला निरोप जातो, डेटाबेसमध्ये एक ओळ लिहिली जाते, आणि दुसऱ्या पानावर ती ओळ दिसते. घाणेरडं दिसू दे, रंग नको, पण टोकापासून टोकापर्यंत चालू दे आणि तुमच्या लॅपटॉपवर नाही तर खऱ्या लिंकवर. हे झालं की तुमचा प्रोजेक्ट त्या क्षणापासून कायम "चालू" अवस्थेत असतो आणि पुढे फक्त भर घालायची असते. हे न करता झोपलात तर शनिवारचा अख्खा दिवस चार वेगवेगळे तुकडे वाढत राहतात. तुमच्यात ज्याला वेबचं येतं त्याने हा सांगाडा करायचा आणि बाकीच्यांनी शेजारी बसून बघायचं, नंतर त्यांनाही त्यातच हात घालायचाय.

कामं वाटण्याआधी आणखी एक अर्धा तास द्या. फ्रंटएंड (दिसणारा स्क्रीन) आणि बॅकएंडमध्ये (मागचा सर्व्हर) डेटा कसा जाणार येणार ते कागदावर लिहा, म्हणजे जेसनमध्ये (डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) कुठली नावं, तारीख कशी लिहायची, यादी रिकामी असेल तर काय येणार. मग त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाका. आता फ्रंटएंडवाला खोटा डेटा घेऊन त्याच नावांनी स्क्रीन बनवू शकतो आणि बॅकएंडवाल्याची वाट बघत बसत नाही. पायथनवाले दोघं फ्लास्कमध्ये (पायथनचं छोटं वेब फ्रेमवर्क) तीन-चार एंडपॉइंट (डेटा मागायचे-द्यायचे पत्ते) आरामात लिहू शकतात, त्याला "जेमतेम" पायथन पुरतं. आणि नवीन फ्रेमवर्क शिकायची हीच संधी आहे असं कोणाला वाटत असेल तर एकच नवीन गोष्ट घ्या, दोन नाही. फ्रेमवर्कही नवीन, डेटाबेसही नवीन आणि होस्टिंगही नवीन असलं की काय बिघडलंय हेच शोधता येत नाही.

नेटवर्कचं आधीच सांगून ठेवतो. शेकडो लॅपटॉप एकाच वायफायवर असतात, ते कोलमडतंच कधीतरी. बऱ्याच विद्यापीठांच्या वायफायवर एका उपकरणाला दुसरं दिसत नाही अशी सोय मुद्दाम केलेली असते, म्हणजे तुमचा फोन तुमच्याच लॅपटॉपला पोचत नाही, आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता. काही ठिकाणी पोर्ट २२ (एसएसएच या जोडणीचा मार्ग) बंद असतं, मग गिट पुश (कोड वर पाठवणं) एसएसएचवरून होत नाही, एचटीटीपीएसवरून करा, होतं. मोठ्या लायब्ररी, एडिटर, डॉकर इमेज, जे काय लागेल ते घरून डाउनलोड करून या. फोनच्या हॉटस्पॉटची सोय ठेवा, निदान डेमोपुरती.

फुकटच्या होस्टिंगचे दोन नखरे माहीत असू द्या. एक, काही वेळ कोणी आलं नाही की सर्व्हर झोपतो, रेंडर या होस्टिंगच्या फुकट प्लॅनवर १५ मिनिटांनी, आणि परत जागा व्हायला मिनिटभर लागू शकतं. जज समोर उभा आणि पान गोल गोल फिरतंय, यापेक्षा लांब मिनिट आयुष्यात नसतं. म्हणून जज येताना दिसला की आधीच पान उघडून ठेवा. दोन, अशा ठिकाणी फाइल्स टिकत नाहीत, तुम्ही एसक्यूलाइटची (एकाच फाइलमधला डेटाबेस) फाइल तिथेच ठेवली असेल तर सर्व्हर पुन्हा सुरू झाला की डेटा गेला. यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा जी एका कमांडमध्ये डेमोचा सगळा डेटा परत भरते. ही स्क्रिप्ट तशीही लागतेच, कारण प्रत्येक जजनंतर किट ७ परत हिरवं करायचं असतं. मी कोणत्याही टीमच्या टेबलाजवळ मेंटॉर म्हणून बसलो तर पहिल्यांदा हीच स्क्रिप्ट मागतो.

गिटबद्दल थोडक्यात. चौघांनी एकाच फाइलमध्ये लिहू नका. छोटे छोटे कमिट करा, तासाभराने तरी पुल करा, म्हणजे बाकीच्यांचे बदल स्वतःकडे घ्या. गुप्त की (बाहेरच्या सेवा वापरायचा पासवर्डसारखा कोड) असलेली फाइल पहिल्या कमिटच्या आधीच गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सची यादी) टाका, कारण एकदा की पुश झाली की नंतरच्या कमिटमध्ये काढून उपयोग नाही, ती इतिहासात राहतेच, अशा वेळी की रद्द करून नवीन घ्यायची. आणि १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब (कोड ठेवायची साइट) घेत नाही, ट्रेन केलेलं मॉडेल नाहीतर व्हिडिओ कमिटमध्ये घातला की पुश अडकतो, आणि हे नेमकं शेवटच्या तासात होतं.

चौथीबद्दल. तिला "पीपीटी तू कर" म्हणून कोपऱ्यात बसवू नका, त्यात तुमचंच नुकसान आहे. लॅब असिस्टंटशी बोलायचं काम तिचं, तीन मिनिटांचा कागद तिच्या ताब्यात, आणि कोणी नवीन फीचर काढलं की "हे कागदावर कुठे येतं?" हा प्रश्न विचारायचा अधिकार तिला. डेमोतला डेटा तिने भरायचा, "टेस्ट१, टेस्ट२, एएएए" असली नावं स्क्रीनवर दिसली की प्रोजेक्ट कच्चा वाटतो, खरी वाटतील अशी किटं आणि नोंदी असल्या की तोच स्क्रीन वापरातला वाटतो. शनिवारी दुपारपासून दर दोन-तीन तासांनी तिने वेगळ्या फोनवरून सगळा फ्लो करून बघायचा आणि काय मोडलं ते सांगायचं. ज्या टीममध्ये असं कोणीतरी असतं त्यांचा डेमो लगेच ओळखू येतो.

मेंटॉरला विचारा, खरंच विचारा. आम्ही मोकळे फिरत असतो आणि मुलं लाजतात. फक्त "चालत नाहीये" असं सांगू नका, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि एरर काय आला एवढं सांगा, अर्ध्या वेळा सांगतानाच तुमचं तुम्हाला सापडतं. एकाच चुकीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त अडकलात तर उठायचं आणि विचारायचं असा टीमचा नियमच करा. स्पॉन्सर कंपन्यांची बक्षिसं वेगळी असतात, "आमचा एपीआय सर्वात चांगला वापरला" वगैरे (एपीआय म्हणजे त्यांची सेवा आपल्या कोडमधून वापरायची सोय), त्यांना कधीकधी मुख्य बक्षिसापेक्षा कमी टीम अर्ज करतात म्हणून डोळा ठेवा, पण तुमच्या तीन मिनिटांत तो एपीआय सहज बसत असेल तरच. बक्षिसासाठी ओढूनताणून घातलेला एपीआय लांबून दिसतो.

झोप. रात्रभर जागणं हा या प्रकाराचा अभिमानाचा विषय झालाय आणि मला तो वेडेपणा वाटतो. १९९७ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात दिसलं की सलग १७ तास जागं राहिलं की हात-डोळ्यांच्या कामातली अचूकता साधारण रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होते तेवढी घसरते, आणि २४ तासांनंतर ०.१० टक्क्यांसारखी. म्हणजे शुक्रवारी सकाळी आठला उठलात तर रात्री एकनंतर तुम्ही त्या अवस्थेत कोड लिहिताय. पहाटे चार ते सात लिहिलेला कोड दुपारी काढून टाकावा लागतो हे मी इतक्या टीममध्ये पाहिलंय की आता त्यावर वादही घालत नाही. दोन्ही रात्री चार-पाच तास झोपा, पाळीपाळीने झोपलात तरी चालेल, पण जी डेमो देणार तिची दुसऱ्या रात्रीची झोप कोणत्याही परिस्थितीत मोडायची नाही. कॉफीचा अर्धा असर साधारण पाच तासांनंतरही अंगात असतो, तेव्हा रात्री अकराला घेऊन एकला झोप येत नाही म्हणून वैतागू नका.

एआयकडून कोड लिहून घ्यावा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात असणारच. नियमात चालत असेल तर घ्या, सगळेच घेतात. धोका वेगळा आहे. तो दहा मिनिटांत तुम्हाला हजार ओळी देतो, त्यात तुम्ही न मागितलेलं लॉगिन आणि सेटिंग्जचं पानही असतं, आणि रात्री दोनला काहीतरी मोडलं की चौघांपैकी कोणालाच ती फाइल समजत नाही. मग परत त्यालाच विचारायचं, तो तिसरीकडे मोडतो. जज म्हणून मी हमखास एक प्रश्न विचारतो, "बटण दाबल्यापासून लाल होईपर्यंत काय काय घडतं ते सांगा." ज्यांना कळलंय ते अर्ध्या मिनिटात सांगतात, आणि ज्यांनी नुसतं पेस्ट केलंय ते फ्रेमवर्कची नावं घ्यायला लागतात. म्हणून एक-एक छोटा तुकडा मागा, वाचा, दुसऱ्याला समजावून सांगा, मगच कमिट करा.

यालाच लागून, डेमोत खोटं किती चालतं? बरंच चालतं, पण सांगून. किटांची यादी हाताने भरलीये, एसएमएस खरा जात नाही नुसता स्क्रीनवर दिसतो, लॉगिन नाहीये, हे सगळं ठीक आहे, "एवढा भाग आम्ही सोडलाय" असं तोंडाने म्हणा आणि पुढे जा, कोणी गुण कापत नाही. "आमचं मॉडेल फोटोवरून सेन्सर ओळखतं" म्हणायचं आणि आत फाइलचं नाव बघून उत्तर देणारा इफ-एल्स (साधी अट), हे मात्र चालत नाही. पकडलं जातं, आणि मग उरलेलं खरं कामही खोटं वाटतं.

शनिवारी रात्री बारानंतर नवीन फीचर बंद. वाद नाही. त्यानंतर फक्त मोडलेलं नीट करायचं, मजकूर सुधारायचा, फोनवर अक्षरं मोठी करायची आणि डेमोचा सराव. याच वेळी चालू असलेल्या फ्लोचा दीड-दोन मिनिटांचा स्क्रीन व्हिडिओ करून ठेवा, नेट गेलं तर तोच दाखवता येतो आणि डेव्हपोस्टसारख्या साइटवर सबमिट करताना बऱ्याचदा व्हिडिओ मागतातच. सबमिशन वेळ संपायच्या तासभर आधी एकदा करून टाका, वेळ असेपर्यंत सहसा बदलता येतं. शेवटच्या पाच मिनिटांत सगळे एकदम अपलोड करतात तेव्हा साइट रांगायला लागते आणि एक मिनिट उशीर झाला म्हणून रडणारी टीम दर वेळी असतेच.

आता जजचं डोकं कसं चालतं ते. बहुतेक ठिकाणी प्रदर्शनासारखं असतं, तुम्ही टेबलापाशी, जज फिरतात, एका टेबलाला तीन ते पाच मिनिटं. काही ठिकाणी नावीन्य, अवघडपणा, उपयोग, दिसणं असे गुण असतात. काही ठिकाणी आम्हाला गुण द्यायचेच नसतात, एमआयटीच्या विद्यार्थी हॅकेथॉनसाठी लिहिलेली गॅव्हेल नावाची एक मुक्त सिस्टिम आहे, तिच्यात फक्त एवढंच सांगायचं असतं की आत्ताचा प्रोजेक्ट याच्या आधी पाहिलेल्यापेक्षा सरस आहे की नाही, आणि अशा जोड्यांवरून क्रम लागतो. कसंही असलं तरी परिणाम सारखाच, वीस टेबलं फिरून आल्यावर मला तुमच्याबद्दल एक वाक्य आठवायला हवं. "ते किटवाले, ज्यांनी माझ्या फोनवरून करून दाखवलं." बास.

म्हणून स्लाइडने सुरुवात करू नका. "आजच्या डिजिटल युगात" तर अजिबात नको, त्यात तुमचे तीस सेकंद जातात आणि माझं लक्षही. पहिलं वाक्य असिस्टंटने सांगितलेली अडचण, दुसरं "तुमचा फोन काढा", मग घडू द्या. जज फोन काढायला कुरकुरला तर तुमचा दुसरा फोन तयार ठेवा. एकीने बोलायचं, एकाने लॅपटॉप सांभाळायचा, बाकी दोघं प्रश्नांना. मध्येच एकमेकांना तोडू नका. काही मोडलं तर माफी मागत बसू नका, "इथे हे दिसायला हवं, व्हिडिओत दाखवते" म्हणून पुढे. आणि जजने "पुढे काय?" विचारलं की ब्लॉकचेन वगैरे काढू नका, असिस्टंटने मागितलेली अजून एक गोष्ट सांगा.

जिंकण्याबद्दल फार विचार करू नका असं सगळेच म्हणतात, मी आकड्यांपुरतं सांगतो: शंभर टीम असतील तर बक्षिसं दहा-पंधरा असतात. हॅकेथॉन हे नाव १९९९ मध्ये रुळायला लागलं तेव्हा ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे मोजके दहाजण कॅनडातल्या कॅल्गरीला जमून कोड लिहीत होते, बक्षिसाचा विषय नव्हता, अमेरिकेच्या क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक करायचं तंत्र) निर्यातीच्या नियमांची कटकट टाळायची होती. विद्यार्थ्यांनी चालवलेला प्रकार २००९ च्या, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पेनअ‍ॅप्सपासून पसरला. २०१० मध्ये एका हॅकेथॉनमध्ये सुरू झालेलं ग्रुपमी हे ग्रुप चॅटचं अ‍ॅप पुढच्याच वर्षी स्काइपने विकत घेतलं ही गोष्ट तुम्हाला उद्घाटनाच्या भाषणात कोणीतरी ऐकवेलच, ऐका, टाळ्या वाजवा आणि टेबलावर परत या.

संपल्यावर घरी जाऊन झोपा, पण सोमवारी-मंगळवारी एक तास काढा. रीडमीमध्ये (प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल) लिहा की काय आहे, कसं चालवायचं, कोणी काय केलं आणि काय खोटं होतं, व्हिडिओची लिंक टाका. पुढे इंटर्नशिपच्या मुलाखतीत याच रेपोबद्दल (गिटवर ठेवलेला हा प्रोजेक्ट) विचारतात आणि तोवर तुम्हालाच काही आठवत नसतं. वापरलेल्या सगळ्या की रद्द करा, आणि क्लाउडवर कार्ड देऊन काही सुरू केलं असेल तर ते त्याच दिवशी बंद करा, महिन्याअखेरीस बिल येतं. आणि ते किटचं पान त्या लॅब असिस्टंटला नेऊन दाखवा. वापरणार नाही म्हणाले तर का ते विचारून घ्या, पुढच्या हॅकेथॉनला तुमच्याकडे आयडिया तयार असेल.